बाल्कनीतून दिसणारं मैदान

एवांथियाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसे, आणि तरीही आमच्या शहरात फुटबॉल बघायची सगळ्यात चांगली जागा तिच्याच घरात होती. तिसरा मजला, खाली अरुंद रस्ता, रस्त्यापलीकडे स्टेडियमची बुटकी भिंत आणि भिंतीपलीकडे अख्खं मैदान. अख्खं म्हणजे जवळजवळ अख्खं. अलीकडच्या गोलचा डावा खांब भिंतीआड जाई आणि तो फक्त बाथरूमच्या खिडकीतून दिसे, तोही टबात उभं राहून. त्या बाजूला पेनल्टी मिळाली की मिल्तोस मास्तर बूट काढून टबात चढायचे आणि काय झालं ते आतून ओरडून सांगायचे. मास्तरांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेलं, माणूस एरवी थंड. पण पेनल्टी म्हटली की आधी नुसतेच किंचाळायचे, त्यामुळे आनंद करायचा की शिव्या द्यायच्या हे बाल्कनीला बराच वेळ कळत नसे.

हा सगळा उद्योग तिच्या नवऱ्याने, लाझारोसने सुरू केलेला. तो बंदरावर क्रेन चालवायचा आणि दिसेल त्याला घरी आणायचा. तिकीट काढायचं कशाला, माझ्याकडे या, बायको खिम्याचे गोळे तळते, असं त्याचं उघड आमंत्रण. एवांथिया कुरकुरायची. सोमवारी बाल्कनीतली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं झाडताना तर तिच्या तोंडाचा पट्टा चालूच असायचा.

मग लाझारोस गेला. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी दाराची घंटा वाजली. दारात प्रोद्रोमोस उभा, लाझारोसचा जिवलग, जन्मभर शहराची बस चालवलेला माणूस, हातात टोपी चुरगाळत. त्याच्या पाठीमागे फोतिस न्हावी आणि मिल्तोस मास्तर.

"वहिनी, आम्ही आवाज करणार नाही," प्रोद्रोमोस म्हणाला. "गोल झाला तरी करणार नाही. पण आज सालोनिकीचा मोठा संघ आलाय हो."

एवांथियाचं डोकंच फिरलं. "माणूस जाऊन पंधरवडा नाही झाला आणि तुम्हाला मॅच सुचतेय? लाज नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर जिन्याने आलो. लिफ्टने यायचं धाडस नाही झालं."

तिने दार उघडं टाकलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिघेही शब्दाला जागले. गोल झाला तेव्हा फोतिसने पडदा तोंडात कोंबला, पण हूं की चूं केलं नाही. त्या दिवशी खिम्याचे गोळे तळता तळता एवांथिया पहिल्यांदा मोकळेपणी रडली, आणि रडतानाच तिच्या लक्षात आलं की घरात माणसं आहेत. तिला त्याचं फार बरं वाटलं.

तेव्हापासून एक रविवार आड तिचं घर भरू लागलं. मधला रविवार, म्हणजे संघ बाहेरगावी खेळायला गेलेला, तो मात्र तिला खायला उठायचा. मूलबाळ नव्हतं. खालच्या दोन्ही मजल्यांचे मालक जर्मनीत, ऑगस्टमध्ये उगवायचे आणि कुलपं लावून निघून जायचे. आठवडाभर ती इस्त्रीशी बोले, रेडिओशी भांडे, आणि शनिवारी बाजारात जाऊन खिमा आणे तेव्हा खाटकाला मुद्दाम सांगे, "जास्त दे रे, माझ्याकडे माणसं यायचीत."

सगळ्यात मोठी गर्दी व्हायची ती संघाला शिक्षा झाली की. आमचे लोक मैदानात मशाली फेकणार, फुटबॉल महासंघ चिडणार आणि पुढची मॅच बंद दाराआड खेळा म्हणून फर्मान काढणार. असल्या दिवशी स्टेडियममध्ये चिटपाखरू नसे आणि एवांथियाच्या बाल्कनीत पाय ठेवायला जागा नसे. एकदा खालून पोलीस ओरडला की बाल्कनी कोसळेल, उतरा सगळे. कुणीच उतरेना, तेव्हा तो समज द्यायला वर आला आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत फ्रिजला टेकून समज देत राहिला.

असं चाललेलं असताना स्टेडियमचा वाद उपटला. आमच्या शहराला वादाचं वावडं कधीच नव्हतं, कबुतरांना दाणे घालावेत की नाही यावरूनही इथे सख्खे भाऊ बोलेनासे झालेत. पण हा वाद वेगळा होता. महासंघाने बजावलं की छपराचा स्टँड नसेल तर वरच्या गटात खेळता येणार नाही. संघाचा मालक दूध-चीजच्या धंद्यातला. तो म्हणाला, मला शहराबाहेर हमरस्त्यालगत बंद पडलेल्या साखर कारखान्याची जमीन द्या, तिथे नवं स्टेडियम बांधतो; नाहीतर संघ उचलतो आणि शेजारच्या शहरात नेतो. नगराध्यक्षांचं म्हणणं, जुनं स्टेडियमच दुरुस्त करू, रस्त्याच्या बाजूला उंच स्टँड उभारू. झालं, घराघरांत दोन तट पडले. न्हाव्याकडे दाढीला बसावं तर आधी तुम्ही कारखानावाले की जुन्या मैदानवाले ते सांगायला लागायचं, कारण वस्तरा फोतिसच्या हातात असे.

एवांथियाच्या बाल्कनीने एकमुखाने जुन्या मैदानाची बाजू घेतली. निर्वासित होऊन आलेल्या आपल्या आजोबांनी हातांनी दगड वाहून ते मैदान सपाट केलं, ते सोडून साखर कारखान्यात जायचं? प्रोद्रोमोस तर पेटलाच होता. "वहिनी, एक मोठी चादर द्या. पांढरी." तिने लग्नात आईने दिलेली जोडपलंगाची चादर काढून दिली. तिचा तसाही काय उपयोग होता आता. फोतिसने तिच्यावर लाल रंगात लिहिलं, 'संघ इथेच राहणार!' आणि चौघांनी मिळून ती बाल्कनीच्या कठड्याला बांधली. एवांथियाने स्वतःच्या हाताने दोन गाठी मारल्या. संघ इथे राहिला म्हणजे हे लोक इथे येत राहणार, इतका साधा हिशेब होता तिचा.

पुढे एकदा पेन्शनच्या कामासाठी ती नगरपालिकेत गेली. खालच्या दालनात काचेखाली नव्या स्टेडियमची प्रतिकृती मांडली होती. हिरवं मैदान, खेळण्यातली झाडं, रस्त्याच्या बाजूला छपरासकट नवाकोरा स्टँड. आजूबाजूच्या इमारती पांढऱ्या ठोकळ्यांच्या. स्वतःची इमारत तिने ओळखली, ठोकळ्याला बाल्कन्या नव्हत्या तरी ओळखली. तिने चष्मा सावरला, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली आणि तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर डोळा नेऊन समोर बघितलं. समोर स्टँडची पाठ होती. छप्पर तिच्याही वर गेलेलं.

"बाई, काचेला नाक लावू नका," शिपाई म्हणाला.

ती वाकलेलीच राहिली. मग सरळ झाली आणि पेन्शनचं काम न करताच घरी गेली.

पुढच्या रविवारी मध्यंतरात खिम्याच्या गोळ्यांची ताटली फिरवता फिरवता तिने विषय काढला. "नवा स्टँड झाला की इथून काहीच दिसणार नाही. बघून आले मी."

"मग काय झालं, मावशी!" फोतिस म्हणाला. "आपण आतच बसणार ना! म्हाताऱ्यांना सवलत आहे म्हणे. काय मास्तर?"

"मला छपराखालची जागा हवी," मिल्तोस मास्तर म्हणाले. "आणि टबात मी आता चढणार नाही. कंबर गेली माझी."

सगळे हसले. कुणाला कुठल्या रांगेत बसायचंय यावर भांडणं जुंपली. खिम्याचे गोळे छान झालेत, असं प्रोद्रोमोस म्हणाला. एवांथिया रिकामी ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तिला राग यायला हवा होता, पण राग येईना. त्यांनी काही वाईट म्हटलंच नव्हतं. मैदान कारखान्यावर गेलं तरी हे लोक जाणार, संघ शेजारच्या शहरात गेला तरी जाणार, आणि सगळं मनासारखं झालं तरीही जाणारच. आपल्याच चादरीवर आपणच काय लिहून घेतलं, हे तिला आता दिसत होतं.

शेवटची सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. सारं शहर लोटलं होतं. मालकाच्या माणसाने कारखान्याच्या जागेची चित्रं दाखवली, तर मागून कुणीतरी ओरडलं, "साखर किती टाकणार?" प्रोद्रोमोस बोलायला उभा राहिला आणि आजोबांचं नाव घेताना त्याला रडू आलं. लोकांनी बाकं बडवली. मालकाचा माणूस कागद गोळा करू लागला, तेव्हाच कौल कुठे झुकला ते कळलं. मग नगराध्यक्ष म्हणाले, "कायद्याने विचारावं लागतं म्हणून विचारतो. स्टँडच्या समोर राहणाऱ्यांपैकी कुणाची काही हरकत?"

समोर राहणारी म्हणजे एवांथिया एकटीच. ती उभी राहिली. कशी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही. सगळ्या माना वळल्या. प्रोद्रोमोसच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं, वहिनी आता दणकून बोलणार म्हणून.

तिला विचारायचं होतं, मग तुम्ही याल ना माझ्याकडे? मॅच नसली तरी याल? एवढंच. पण भर सभेत, नगराध्यक्षांसमोर, बाईने असलं काय विचारायचं? तिच्या तोंडून निघालं, "माझ्या बाल्कनीतून मग मैदान दिसणार नाही."

मग नगराध्यक्षांनी हात पसरले. "एवढंच ना! हे शहर आपल्या माणसांना विसरत नाही. एवांथियाबाईंना नव्या स्टँडमध्ये, मानकऱ्यांच्या रांगेत, आजन्म मोफत जागा!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. लोक उभे राहिले. फोतिसने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. प्रोद्रोमोस रडतच होता, त्याने तिचे दोन्ही हात धरले. "वहिनी, लाझारोस असता तर!"

"मग हरकत नाही ना?" नगराध्यक्षांनी विचारलं.

त्या टाळ्यांमध्ये एकट्या बाईने दुसरं काय म्हणायचं? "नाही," ती म्हणाली.

काम सुरू झालं आणि संघ तेवढ्यापुरता दुसऱ्या गावच्या मैदानावर खेळू लागला. सुरुवातीला प्रोद्रोमोस काम बघायला यायचा. बाल्कनीत उभा राहून तो क्रेनवाल्याच्या चुका काढायचा, लाझारोसने हे असं उचललंच नसतं म्हणायचा, एवांथिया कॉफी करायची. भिंत दुसऱ्या मजल्यापर्यंत चढली तशा त्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तिसऱ्या मजल्याएवढी भिंत उभी राहिली आणि बघण्यासारखं काही उरलं नाही. बाजारात भेटला की लांबूनच हात करायचा, "येतो हं एकदा!" खोटं बोलत नव्हता तो. येण्यासाठी निमित्त लागतं, आणि निमित्त सिमेंटमागे गेलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी एवांथियाने निळा कोट घातला. तिची जागा खरोखरच मानाची होती, उजवीकडे बिशपसाहेब, डावीकडे कुणा नगरसेवकाची बायको. तिची स्वतःची इमारत पाठीमागे, स्टँडपलीकडे. समोर, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, वळणावर स्वस्तातल्या जागा होत्या. तिथे तिला तिघे दिसले. ठिपक्यांएवढे होते, पण बसायची पद्धत तिला पाठ होती. त्यांच्याभोवती माणसांचा समुद्र होता, आणि ते त्यात मजेत होते, हे इतक्या लांबूनही कळत होतं.

मध्यंतरात फोन वाजला.

"वहिनी!" प्रोद्रोमोस गर्दीतून ओरडत होता. "दिसताय बरं का तुम्ही! महाराणीसारख्या बसलाय! ऊन नाही ना लागत?"

"छप्पर आहे."

"आहेच! उगाच का भांडलो आपण त्या छपरासाठी!"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला, कारण बिशपसाहेब ऐकत होते. "प्रोद्रोमोस, मॅच संपल्यावर या ना सगळे. कॉफी टाकते. खिमाही आणलाय."

"आज नको हो वहिनी. आज सगळे बंदरावर जाणार, जिंकलो तर काय सकाळच उजाडणार. आणि तुम्ही आता हा व्याप सोडा बघू. किती वर्षं धुडगूस घातला आम्ही तुमच्या घरात! ती टरफलं, ते बूट! माझी बायको सारखी म्हणायची, त्या बिचारीला किती छळता. सुटलात की नाही एकदाच्या?"

"मला कधी त्रास झाला नाही," एवांथिया म्हणाली. मग आवाज चढवून तिने तेही सांगून टाकलं, जे तिला सभेत सांगता आलं नव्हतं. "मला आवडायचं तुम्ही आलेलं. अजूनही यावं असं वाटतं मला. मॅच नसली तरी या."

पलीकडे प्रोद्रोमोसने फोन तोंडापासून दूर धरला असावा. "ऐकलंस का रे फोतिस? वहिनी म्हणतात, त्रासच झाला नाही त्यांना! अशी माणसं राहिली नाहीत रे आता." मग पुन्हा जवळ येऊन, अगदी मनापासून, "देव तुमचं भलं करो, वहिनी. ठेवतो, संघ आला मैदानात."

समोरच्या वळणावरून कुणीतरी टोपी हलवली. तिनेही हात वर केला. शिट्टी झाली, लोक ओरडायला लागले, नगरसेवकाची बायको तिच्या दंडाला धरून काहीतरी विचारू लागली. एवांथिया शेवटपर्यंत बसून राहिली. घरी जायची तिला घाई नव्हती.