दिराला हवं असलेलं उत्तर

शिवणाच्या कारखान्याला आग लागली तेव्हा जिन्याची दारं बाहेरून बंद होती. माल चोरीला जातो म्हणून मालकानंच तसा हुकूम सोडला होता. आत अडकून मेलेल्यांत तिचा नवराही होता, कापड कापणारा. खटला उभा राहिला, रेंगाळला, आणि शेवटी तुरुंगात गेला तो वॉचमन. कुलूप त्याच्या हातानं लागलं होतं ना! मालक निर्दोष सुटला.

तोवर ती मालकाच्याच बंगल्यात कामाला लागली होती. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना सांभाळायला बाई हवी होती, आणि मॅनेजरनं उपकार केल्याच्या थाटात तिला ठेवून घेतलं होतं. गल्लीतल्या बायकांनी नाकं मुरडली. सासूबाई म्हणाल्या, "मुरडू देत. त्यांच्या नाकांवर आपली चूल पेटत नाही."

म्हातारा भ्रमिष्ट झाला होता. घास तोंडात तसाच धरून बसायचा. तिला कधी बहीण समजायचा, कधी शाळेतली बाई. संध्याकाळ झाली की मात्र एकच घोशा: "आला का तो?" लेकाची पावलं वाजल्याशिवाय तो पाणीसुद्धा प्यायचा नाही.

निकाल लागला त्याच आठवड्यात धाकटा दीर ती भांडी घासत होती तिथं येऊन उभा राहिला. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जायचा.

"वहिनी, बंगल्याचं मागचं दार तुझ्या हातात असतं ना?"

"कशाला?"

"मालकाची खोली कुठली, तेवढंच सांग." तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"त्याला मारून काय होणार?" तिनं विचारलं. "दुसरा मालक येईल."

"येऊ दे. तो घाबरलेला येईल. आजवर एक तरी मालक घाबरलेला पाहिलास? आपणच घाबरायचं, आपणच मरायचं आणि तुरुंगातही आपणच जायचं."

मालक जगावा असं तिला वाटत होतं, असंही नाही. त्याच्या चहात साखर ढवळताना तिच्या मनात कितीदा भलतंसलतं येऊन गेलं होतं.

"दार मी उघडणार नाही," ती म्हणाली. "आणि तूही हे डोक्यातून काढून टाक. आईंना तू एकटाच उरलायस."

"बरं," तो इतक्या सहज म्हणाला की तिचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, मालक दाताच्या डॉक्टरकडून बाहेर पडला. अर्धा जबडा बधिर, गालाला रुमाल. दिरानं जवळ जाऊन गोळ्या घातल्या, पिस्तूल पायरीवर ठेवलं आणि पोलिसांची वाट बघत तिथंच बसला. दुसऱ्या कुणाला ओरखडाही आला नाही.

बंगल्यात फोन आला, रडारड सुरू झाली. मारणारा कोण हे अजून कुणाला कळलं नव्हतं. तिला मात्र ऐकताक्षणी कळलं. ती म्हाताऱ्याच्या खोलीत जाऊन बसली. त्यानं विचारलं, "आला का तो?"

"येईल," ती म्हणाली, आणि पाण्याचा पेला त्याच्या ओठांशी धरला. त्यानं तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं पोलिस तिला घेऊन गेले. खोदून खोदून विचारलं, मग सोडून दिलं. काम अर्थातच गेलं. गल्लीत परतली तर नाकं मुरडणाऱ्याच बायका गळ्यात पडल्या. "वाघ आहे गं तुझा दीर!" वाघाची आई आत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

पुढं जे झालं ते तिला सगळ्यात जड गेलं. शहरातल्या कारखान्यांची कुलपं निघाली. मोर्च्यांनी, अर्जांनी, कोर्टानं जे हललं नव्हतं ते हललं. मालक लोक स्वतः येऊन जिने बघून जायला लागले. कारखान्यात जाणारी शेजारणीची पोरगी सांगत होती, आता खिडक्याही उघड्या असतात, वारा येतो.

जन्मठेप झाल्यावर ती तुरुंगात भेटायला गेली. सासूबाई सोबत आल्या, पण फाटकाबाहेरच्या बाकावरून उठेनात. "तूच जा. मी त्याच्याशी काय बोलू?"

जाळीपलीकडे तो वाळलेला दिसला. डोळे मात्र चमकत होते.

"दारं उघडली म्हणतात. खरंय?"

"खरंय."

"मग म्हण ना, वहिनी. एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. बरोबर केलं ना मी?"

"तो म्हातारा पाणी पीत नव्हता त्या दिवशी," ती म्हणाली.

"दादाची वाट आपली आई बघत नव्हती?"

"बघत होती. आता तुझी बघते."

"म्हणजे चुकलो?"

"तसंही मला म्हणवत नाही. पोरी जिवंत राहतील, ते तुझ्यामुळं. पण बरोबर केलंस हे माझ्याकडून मागू नकोस. मला ते देता येत नाही."

तो भेटीची वेळ संपायच्या आधीच उठला आणि शिपायाला म्हणाला, "चला."

बाहेर सासूबाईंनी पदर सावरत विचारलं, "काय म्हणाला?"

"जेवण बरं असतं म्हणाला," तिनं सांगितलं, आणि त्यांना उठवायला हात पुढं केला.