समोरचं दार

"अजून खाली वाकवा," थोरला म्हणाला. "त्याचा उंबरा दिसला पाहिजे."

शिडीवरच्या कॅमेरेवाल्यानं तोंडात धरलेला स्क्रू काढला, कॅमेऱ्याची मान आणखी थोडी दाबली आणि मोबाइलवर चित्र पाहिलं. बोळ इतका अरुंद की शिडीचे पाय या दारापासून त्या दारापर्यंत पोचले होते. चित्रात समोरचं हिरवं दार, त्याची पायरी आणि पायरीवरच्या चपला, एवढंच दिसत होतं.

"काका, यात तुमचं स्वतःचं दार येत नाही. तुमच्या भिंतीलगतचा सगळा पट्टा आंधळा राहतो. आपलं दार बघायचं तर कॅमेरा समोरच्या भिंतीवर लावावा लागतो."

"समोरची भिंत माझ्या भावाची आहे."

"मग विचारा की त्यांना."

थोरल्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं स्क्रू आवळू लागला.

दोन्ही भावांत विस्तव जात नव्हता, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार. दोन्ही घरं बापानंच बांधलेली, वाटण्याही त्यानंच करून दिलेल्या. राहिली होती ती वरची एक खोली. ती अजून बाबांच्या नावावर होती, आणि बाबा थोरल्याकडे राहत असल्यामुळे ती आपलीच असं थोरला धरून चालला होता. पण थोरला सकाळी गोदामावर गेला की दुपारी बाबा बोळ ओलांडून धाकट्याकडे जाऊन बसत. धाकटा घरीच पंखे आणि मिक्सर दुरुस्त करी. त्याच्या टेबलाशी बसून बाबा म्हणे स्क्रू वेगळे करून देत. हे थोरल्याला कळलं, तेव्हापासून त्याला जेवण गोड लागेना. टेबलाशी बसवून धाकटा बाबांचे कान भरतो आहे आणि एक दिवस खोली हातची जाणार, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नव्हती.

ड्रिलचा आवाज थांबला तसं हिरवं दार उघडलं. धाकटा बाहेर आला. कमरेवर हात ठेवून त्यानं वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. भावाकडे पाहिलंच नाही.

"यांचं झालं की माझ्याकडे या," तो कॅमेरेवाल्याला म्हणाला. "मलाही एक पाहिजे. असाच. यांच्या दाराच्या नाकासमोर."

कॅमेरेवाल्याचं काय जातंय. एका शिडीत दोन गिऱ्हाइकं झाली. संध्याकाळपर्यंत दोन्ही दारांवरून दोन काळे डोळे एकमेकांकडे टवकारून बघत होते, आणि स्वतःचं दार मात्र दोघांनाही दिसत नव्हतं.

एवढ्यावर थोरल्याचं समाधान झालं नाही. त्यानं दाराला अलार्मही बसवून घेतला. दार उघडलं की चौकटीतलं चुंबक सुटे, आणि कंपनीच्या कंट्रोल रूममधून थोरल्याला फोन येई.

"घरात माणूस असताना दिवसा हे चालू ठेवू नका," कॅमेरेवाला म्हणाला होता. "ते जा-ये करणार, तुम्हाला दर वेळी फोन येणार."

"येऊ दे. मला तेच पाहिजे."

फोन येत राहिले. रोज संध्याकाळी घरी आल्यावर थोरला बाबांची उलटतपासणी घ्यायचा. दुपारी दार का उघडलं? हवा खायला. हवा खायला समोरच्या घरात जावं लागतं? बाबा टोपी काढून खुंटीला लावायचे. आठवडाभरात गोदामाचा मालकही कटकट करू लागला, की कामापेक्षा तुझे फोनच जास्त. मग थोरल्यानं दाराला बाहेरून कडी लावायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी बाबा जेवून झोपले. दुसऱ्या दिवशी ताट बाजूला सारून म्हणाले,

"मी काय चोरलंय रे?"

"तुम्ही कुठेतरी पडाल, बाबा. पाय साथ देत नाहीत आता."

बाबांचे पाय ठणठणीत होते. ते दोघांनाही ठाऊक होतं.

आणि मग एका संध्याकाळी थोरला घरी आला, कडी काढली, आत गेला, तर घर रिकामं.

कडी जशीच्या तशी होती. बाबांचा फोन उशाशी होता. खुंटीवरची टोपी नव्हती, पलंगाखालचे बूट नव्हते. मोरी, माळा, वरची खोली, सगळं पाहून झाल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला. बंद घरातून माणूस हवेत विरतो की काय? मग त्याला दुपारचा फोन आठवला. कंट्रोल रूममधली मुलगी म्हणाली होती, सर, तुमचं मेन डोअर उघडल्याचं दिसतंय. आणि तो माल मोजता मोजता म्हणाला होता, शक्यच नाही, बाहेरून कडी आहे, वाऱ्यानं हललं असेल, सोडून द्या.

मोबाइलवर त्यानं दुपारचं रेकॉर्डिंग मागे नेलं. हिरवं दार. पायरी. चपला. बराच वेळ नुसतं तेच, आणि मग दार उघडून धाकटा बाहेर आला. दोन्हीकडे बघून सरळ कॅमेऱ्याच्या दिशेनं चालत आला आणि चित्रातून नाहीसा झाला. क्षणभरानं त्याची पाठ दिसली. तो आपल्या घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. त्यानंतर ते दार उघडलं नव्हतं. बाबा कुठेच नव्हते.

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. किती वर्षांनी तो त्या दारावर हात मारत होता, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

दार धाकट्याच्या बायकोनं, धाकटीनं उघडलं. तिच्यामागे टेबलावर एक पंखा उघडा पडला होता, आणि धाकटा हातात पकड घेऊन उठला होता.

"बाबा कुठे आहेत?"

"मला काय विचारतोस? तुझ्याकडे कुलूपबंद आहेत ना ते?"

"कडी तू काढलीस. माझ्याकडे चित्र आहे."

धाकट्यानं पकड टेबलावर ठेवली.

"काढली. खिडकीतून हाक मारली त्यांनी. काढ म्हणाले, काढली. जनावर बांधतात तसा बाप बांधून ठेवतोस, दादा? लाज नाही वाटली? रोज सकाळी तू कडी लावून जातोस, ते सगळं माझ्याकडे आहे. जपून ठेवलंय मी. कुठे दाखवायचं तिथे दाखवीन."

"दाखव. आणि बाप हरवला, तो कुणी कडी काढल्यामुळे, तेही दाखव."

"हरवले?" धाकटी म्हणाली.

दोघं भाऊ एकमेकांकडेच बघत होते.

"अहो, घरात नाहीत का ते?" ती थोरल्याकडे वळली. "भावजी, अंधार पडायला आलाय. भांडायला सगळी रात्र पडली आहे. आधी ते कुठल्या बाजूला गेले ते तरी बघा. उजवीकडे गेले असतील तर बाजारात असतील. डावीकडे गेले असतील तर स्टँडवर बाहेरगावची गाडीच मिळते."

तुमचं दार आमच्या कॅमेऱ्यात दिसतं, हे ती बोलली नाही, पण तिघांनाही ते कळत होतं. थोरल्याला त्या क्षणी भावापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. आपल्या दारात काय घडलं ते बघायला या माणसाच्या घरात येऊन उभं राहावं लागत होतं.

धाकट्यानं पंखा सरकवून कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा पडदा पुढे ओढला. थोरला बसला नाही, कुणी बस म्हटलंही नाही.

पडद्यावर थोरल्याचं दार आलं. धाकटा आला, कडी काढली, आत न बघता परत फिरला. काही वेळ दार नुसतं लोटलेलं राहिलं. मग बाबा बाहेर आले. डोक्यावर टोपी, पायात बूट, हातात कपड्यांनी फुगलेली पिशवी. फेरफटक्याला निघालेला माणूस एवढी पिशवी घेत नाही.

ते लगेच गेले नाहीत. पिशवी पायाशी ठेवून समोर तोंड करून उभे राहिले. समोर म्हणजे हिरव्या दाराकडे. एकदा त्यांनी टोपी सारखी केली. एकदा हाक मारल्यासारखं तोंड उघडलं. हे चित्रच होतं, त्यात आवाज नव्हता. मग पुन्हा नुसते उभे.

धाकटीनं तोंडाला पदर लावला.

"तू आत होतास ना?" थोरला म्हणाला.

धाकट्यानं पंखा आणखी बाजूला सारला.

"दोन हातांच्या अंतरावर उभे आहेत ते. पिशवी घेऊन. तुझ्याकडे यायला निघालेत. दार का नाही उघडलंस?"

"तुझ्यामुळे." धाकट्याचा आवाज चिरकला. "दारावर तो डोळा कुणी बसवलाय? ते पिशवी घेऊन माझ्या घरात शिरताना दिसले असते, की संध्याकाळी तू पोलिस घेऊन आला असतास. भावानं बाप पळवला म्हणून. खोलीसाठी पळवला म्हणून. आला असतास की नाही, सांग."

आला असता. थोरल्याला ते स्वतःशी नाकारता येईना, म्हणून तो अधिकच मोठ्यानं बोलू लागला.

"म्हणजे हाक ऐकली होतीस तू."

"आणि तुझ्या त्या अलार्मवाल्यांनी तुला फोन नाही केला? तू कुठे होतास?"

पडद्यावर बाबा वळले. त्यांनी थोरल्याचं दार ओढून घेतलं, आणि बाहेरून नीट कडी लावली, आत कुणी राहिलेलं नाही असं घर लावतात तशी.

"बघ, स्वतः लावली त्यांनी," थोरला म्हणाला. "माझं घर उघडं टाकलं नाही त्यांनी. आणि तू त्यांना बोळात उभं ठेवलंस."

"तू कोंडलंस म्हणून उभे राहिले. खोली पाहिजे होती ना तुला? घे आता. जा, वर जाऊन झोप."

"तोंड सांभाळून बोल."

"नाही सांभाळत. काय करशील?"

एकमेकांच्या इतक्या जवळ ते कित्येक वर्षांत आले नव्हते. दोघांच्या मधे फक्त टेबलाचा कोपरा होता, आणि थोरल्याची मूठ वळलेली होती.

"कुठे गेले?" धाकटी म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता. दोघांनीही पडद्याकडे पाहिलं. तिथे थोरल्याचं दार होतं, लावलेलं. बोळ रिकामा होता.

"डावीकडे गेले ना?" तिनं नवऱ्याला विचारलं.

त्यानं भावाकडे पाहिलं. थोरल्यानं त्याच्याकडे पाहिलं.

"माझं लक्ष नव्हतं," थोरला म्हणाला.

"माझंही नव्हतं."

कुणी कुणाला दोष दिला नाही. बाहेर आता चांगलंच अंधारून आलं होतं. थोरल्यानं वळलेली मूठ सोडली, स्टूल ओढलं आणि न विचारताच त्यावर बसला.

"मागे घे," तो म्हणाला.

धाकट्यानं रेकॉर्डिंग मागे घेतलं, जरा जास्तच मागे गेलं. पडद्यावर बाबा पुन्हा पिशवी घेऊन बाहेर आले, आणि समोरच्या दाराकडे तोंड करून उभे राहिले.