चार मोजेपर्यंत

गाडी विकायची ठरली तेव्हा ती अकरा महिने शेडमध्ये धूळ खात उभी होती. लेकीने नवी बॅटरी बसवून घेतली, चाकांत हवा भरली आणि बारा किलोमीटरवरच्या गिअरबॉक्सवाल्या मिस्त्रींकडे सरळ आणून लावली. घेणाऱ्याची एकच अट होती: आधी तो झटका काढा.

"कधी येतो झटका?" मिस्त्रींनी विचारलं.

"वडील म्हणायचे, सकाळी. गाडी थंड असताना, रिव्हर्सला."

"त्यांनाच घेऊन यायचं ना मग."

"ते गेले. चार महिने झाले."

मिस्त्रींनी हातातलं फडकं घडी करून बोनेटवर ठेवलं. "मग आज राहू द्या इथंच. ऑटोमॅटिक म्हणजे रुसलेला जावई, ताई. चारचौघांत हसून बोलणार आणि खोलीत गेला की फुगून बसणार. सकाळी गाठू त्याला."

तिला हसू आलं आणि लगेच विरलं. घरीही असंच हसण्यावारी नेलं होतं सगळं. शेवटच्या वर्षी अण्णा गिअर टाकला की ब्रेकवर पाय ठेवून पुटपुटत मोजायचे. एक, दोन, तीन, चार. मगच पाय उचलायचे. "अण्णा, कवायत झाली असेल तर निघू या का?" ती म्हणायची. मागच्या सीटवरून आई, "अहो, गाडी आहे ती, रॉकेट नाही." अण्णाही हसायचे. आणि मोजायचे.

त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला उशीर झाला होता. आई फाटक उघडून मागे उभी होती. "आज मोजू नका हो, वेळ नाही," लेक शेजारून करवादली. अण्णांनी मुकाट्याने ब्रेक सोडला. गाडी जागची हलली नाही. मग हिसका देऊन मागे उडाली. आई वीतभर अंतराने वाचली. फाटकाचा खांब वाकला.

"मी दाबलं नाही गं," अण्णा म्हणाले.

"तुमचा पाय कुठे असतो ते तुम्हाला कळतं तरी का आता?"

हे ती म्हणाली होती, आईच्या देखत. गाडी तिनेच शेडमध्ये लावली आणि किल्लीसाठी हात पुढे केला. अण्णांनी किल्ली दिली. पुन्हा कधी मागितली नाही. वाचनालय सुटलं, मित्रांकडे जाणं सुटलं. कुणी न्यायला आलं तर म्हणायचे, "कशाला तुम्हाला त्रास?" सात महिन्यांत माणूस संपला.

सकाळी ती पोचली तेव्हा मिस्त्रींनी मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून ठेवले होते. "बसा. रिव्हर्स टाका, ब्रेक सोडा. दुसरं काही करू नका."

तिने ब्रेक सोडला. काहीच झालं नाही. एक. दोन. तीन. आणि गाडी धाडकन ठोकळ्यांवर आदळली. तिचे दात एकमेकांवर आपटले.

"आतलं तेल उशिरा पोचतंय," खिडकीशी वाकून मिस्त्री म्हणाले. "झडप अडकते, दाब तुंबतो, मग एकदम सुटतो. पण चालवणारा जाणता हं. एवढा वेळ ब्रेक धरून थांबत असणार, नाहीतर हा गिअरचा डबा केव्हाच गेला असता. कुणी शिकवलं त्यांना?"

कुणीच नाही, असं तिला म्हणायचं होतं. तिने ब्रेक पुन्हा दाबून धरला.

मिस्त्रींनी स्कॅनर जोडला. "ही आजची नोंद. आणि ही जुनी, बरोब्बर बारा किलोमीटरमागची."

घरापासून इथवर बाराच किलोमीटर होते. मधे गाडी कुठे गेलीच नव्हती.

"काय लिहिलंय त्यात?"

"रिव्हर्स. ब्रेक सोडलेला. अॅक्सिलरेटर शून्य टक्के."

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे पेडलवर पायच नव्हता, ताई."

तिने पुन्हा वाचायला लावलं. मिस्त्रींनी वाचलं, कारण न विचारता.

दुरुस्तीला तीन दिवस लागले. तिचं काही काम नसताना ती रोज येऊन उभी राहिली. गिअरबॉक्सच्या खालचं तेलाचं ताट उघडलं, जळक्या वासाचं काळं तेल निघालं, लोहचुंबकावर करडा चिखल साचला होता. झडपांचा सांगाडा धुतला, अडकणारी झडप बदलली, नवं तेल भरलं. शेवटी मिस्त्रींनी स्कॅनर हातात घेतला. "जुन्या नोंदी पुसतो आता."

"ठेवता नाही येणार?"

"रोग गेल्यावर रिपोर्ट कशाला हवा?"

तिने घाईने फोनवर फोटो काढला. त्यात मिस्त्रींचा अंगठा आला. दुसरा काढेपर्यंत पडदा कोरा झाला होता. पहिल्या फोटोत अंगठ्याखालून 'शून्य' तेवढं दिसत होतं. दाखवायचं कुणाला?

गाडी आणायला त्या दिवशी आईही आली होती. लेकीने रिव्हर्स टाकला, आणि नकळत तिचे ओठ हलले. चारपर्यंत मोजून तिने पाय उचलला. गाडी अलगद मागे सरकली.

"बघ, तुझ्या हातात कशी लोण्यासारखी चालते," आई म्हणाली. "त्यांच्याच्यानं होईना शेवटी."

रस्त्यावर येताच तिने गाडी थांबवली. "आई, अण्णांनी दाबलं नव्हतं. गाडीतच दोष होता."

आई मांडीवरच्या पिशवीचे बंद ओढत राहिली. मग म्हणाली, "मला सांगितलं होतं त्यांनी. दोनदा."

"मग तू बोलली का नाहीस?"

"फाटकाशी मी उभी होते ना. मलाही त्यांची भीतीच वाटायला लागली होती." तिने बंदांची गाठ मारली, सोडली. "किल्ली तू घेतलीस तेव्हा मला बरं वाटलं होतं गं."

मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता. लेकीने गिअर टाकला. गाडी तत्क्षणी निघाली.