बांधाचं भोक

पांझरा नदीवरच्या बांधाला तळाशी, पाटाच्या तोंडाजवळ, हातभर रुंद भोक होतं. गावातले शहाणे रोज त्याच्या डोक्यावरून जायचे. पण ते कशाला आहे, हे एकानेही कधी विचारलं नाही. शेतात पाणी आपसूक येतं, जसा काही देवच वरून तांब्या ओततो!

झुलालला ठाऊक होतं. तो पाटकरी, फडांना, म्हणजे शेतांच्या गटांना, पाळीपाळीने पाणी सोडणारा. पूर आला की तो भोकातलं लाकडी बूच उपसायचा, गाळ धडाधड वाहून जायचा. पूर ओसरला की बूच परत ठोकायचा. बूच थोडं गळायचंच.

उन्हाळ्यात नवे ओव्हरसियर आले. "स्वराज्यात पाण्याचा थेंब वाया जाता कामा नये," म्हणाले, आणि भोकात सिमेंट कोंबून मोकळे झाले. झुलाल ओरडत राहिला. गावाने साहेबाला हार घातला.

पावसाळा सरला. पाटाच्या तोंडाशी कमरेएवढा गाळ बसला आणि पाटात करंगळीएवढी धार उरली. ऊस पिवळा पडला. मग बैठक बसली. कशासाठी? तर झुलालला काढायला!

"पाटकरी झोपस आन् आमना ऊस वाळस," पंच तोताराम नाना गरजले.

"नाना, झोपेल मी नही, तुमनी अक्कल शे! हाई भोक तुमना आजासनी ठेयेल शे, उंदीरनी नही."

झुलालने पहार उचलली आणि तडक नदीत उतरला. अख्खी बैठक मागोमाग.

"सरकारी काम शे! हात लावशी ते जेलमा जाशी!" नाना काठावरून.

"जासू! हार कोनी घाला, ते बी फौजदारले सांगज्यात."

घावावर घाव बसले, पण सिमेंट हलेना. काठावरचे पुरुष वाटेकडे बघत, कोणी पाहत तर नाही ना! तेवढ्यात शेवटच्या फडातली विधवा कमलबाई पदर खोचून उतरली आणि सळई घेऊन भिडली. दोघांनी मिळून सिमेंट फोडलं. काळा गाळ भसाभसा सुटला. तो सरताच झुलालने बूच परत ठोकलं. दुसऱ्या सकाळी पाट काठोकाठ वाहत होता.

दुपारी चावडीत पोलीस आला. "बांध कोणी फोडला?"

नानांनी झुलालकडे बोट केलं.

"मी बी फोडा," कमलबाई म्हणाली. "मनं नाव लिख."

"बाई, तुझं नाव कोणी सांगितलेलं नाही."

"मीच सांगस ना! लिख."

पोलिसाने दुसरं नाव लिहिलं आणि तिसऱ्यासाठी मान वर केली. चावडीत त्या दोघांशिवाय कोणीच उरलं नव्हतं. सगळे उसाला पाणी धरायला गेले होते.