थोरलीचा डावा पाय

आमच्या कंपनीकडे विमानं चारच होती, आणि त्यांचे नोंदणी क्रमांक कोणाच्या जिभेवर बसत नसत. म्हणून हँगरमध्ये सगळे त्यांना थोरली, मधली, धाकटी आणि शेंडेफळ म्हणायचे. थोरली निवृत्त झाली की मधली थोरली व्हायची आणि बाकीच्या एकेक पायरी वर सरकायच्या. म्हणजे नाव विमानाचं नव्हतं, जागेचं होतं. मी नोंदणीच्या खोलीत बावीस वर्षं काढली, माझ्याही तोंडात तेच बसलं. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. चौकशी समितीलाही वाटला.

कंपनी बुडाली त्याला सात वर्षं झाली. भांडारातला माल गठ्ठ्यानं विकला गेला आणि आम्ही ते सगळं विसरलोही होतो. गेल्या वर्षी कुठल्याशा दुसऱ्या कंपनीचं मालवाहू विमान उतरताना डाव्या अंगावर कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. विमानाचा डावा पाय मोडला होता. पाय म्हणजे चाकावरचा पोलादी खांब. प्रत्येक पायाला नंबर असतो आणि ठरलेलं आयुष्य असतं. साठ हजार वेळा जमिनीला टेकला की तो भंगारात काढायचा, मग दिसायला कितीही ठणठणीत असो. या पायाचा नंबर होता चारशे सतरा, आणि तो आमच्या भांडारातून गेलेला होता. आमच्या नोंदवहीत त्याच्यापुढे मधलीचा क्रमांक होता, एकतीस हजार टेकणी, वापरण्यास योग्य. खाली शिक्का ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. हे हँगरचे मुख्य मिस्त्री होते.

प्रयोगशाळेनं सांगितलं की हा एकतीस हजार टेकलेला पाय नव्हेच, याचं पोलाद पार थकलेलं होतं. म्हणजे मिस्त्रीनं मेलेला पाय जिवंत दाखवला, असं समितीचं म्हणणं. ह्यांचं लायसन्स गेलं. आता प्रश्न तुरुंगाचा होता.

आणि हे तोंड उघडायला तयार नव्हते. सकाळी उठायचे, सासूबाईंना बसतं करायचे, त्यांना चहा पाजायचे आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे. सासूबाई अंथरुणाला खिळून तीन वर्षं झालेली. त्या रोज विचारायच्या, "आज ड्यूटी नाही का रे?" हे म्हणायचे, "सुट्टी आहे." ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भांडा ना, म्हणावंसं वाटायचं. तीस वर्षांत एक स्क्रू कमी-जास्त न होऊ देणारा माणूस, आणि चोर ठरवला तरी ढिम्म.

मग मीच पदर खोचला. माझं गणित सोपं होतं. वहीत ती नोंद झाली त्या महिन्यात मधलीची मोठी तपासणी चालली होती, तिचा पाय तेव्हाच उतरवला असणार. तसं असेल तर चारशे सतरा नंबरचा खरा पाय निम्मंच आयुष्य जगलेला होता, आणि मोडला तो कुठल्यातरी भंगारवाल्यानं नंबर ठोकून खपवलेला भलताच पाय होता. हे सिद्ध करायला मधली सापडायला हवी होती. आमचा रंगारी नवीन पाय बसवला की त्याच्या आतल्या बाजूला पिवळ्या रंगात तारीख घालायचा. नियमात नव्हतं ते, त्याची हौस होती. मधलीच्या डाव्या पायावर त्या तपासणीची तारीख निघाली की हे सुटले.

विकलेलं विमान शोधताना नाकीनऊ येतात. मालक बदलला की रंग बदलतो, देश बदलला की क्रमांक बदलतो. बदलत नाही तो फक्त कारखान्यानं दिलेला नंबर, आणि तो बघायला दार उघडून आत जावं लागतं. मी पत्रं लिहिली, फोन केले, चार-चार वेळा तीच हकिकत सांगितली. निम्म्या लोकांनी हात झटकले. शेवटी एक निवृत्त शिक्षक भेटले, फोनवरच. चाळीस वर्षं कुंपणाबाहेर उभं राहून विमानांचे फोटो काढणारे. त्यांच्या घरच्यांनी त्यांना ओवाळून टाकलेलं असावं, पण माझ्यासाठी तो माणूस देव होता.

त्यांनी एकेकीची कुंडली मांडली; नावं मी थोरली कापली जायच्या आधीचीच सांगते. थोरलीचं मला ठाऊकच होतं, ती आमच्याच मागच्या कुंपणाशी कापली गेली आणि ट्रकमधून गेली. शेंडेफळ अजून उडत होतं, कुठल्याशा बेटांवर टपाल आणि शेळ्या वाहत होतं. धाकटीचं कोणीतरी हॉटेल केलं, ते चाललं नाही, आता त्यात कोंबड्यांचं खाद्य साठवतात. मधली मात्र तीन मालकांनंतर गायब.

चार महिने गेले. सुनावणीला आठवडा उरला तेव्हा त्यांचा फोन आला. "बाई, तुमची मधली मिळाली. अग्निशमन दलाच्या सरावाच्या मैदानात उभी आहे. तिला पेटवतात आणि विझवतात. लवकर जा, पुढच्या महिन्यात ती मोडीत काढणार आहेत."

मी रंगाऱ्याला फोन केला. सत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले, पण एका शब्दावर निघाला. सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही गेलो. ह्यांना मी फक्त "जाऊन येते" म्हटलं. ह्यांनी कुठे म्हणून विचारलं नाही.

मैदानात ती उभी होती. पंख कापलेले, खिडक्या फुटलेल्या, अंगभर काजळी. मला एकदम रडू आलं, आणि माझाच राग आला. मी तिच्यासाठी आले नव्हते. तिथला अधिकारी भला होता. म्हणाला, "दहाला पेटवायची आहे. त्याआधी उरका."

रंगारी दारातून आत वाकला, पत्र्यावरचा कारखान्याचा नंबर मोठ्यानं वाचला. तीच होती. मी डाव्या पायाशी चक्क मातीत बसले आणि रॉकेलच्या फडक्यानं घासायला लागले. काजळी निघाली, मग कोणीतरी फासलेला पांढरा रंग, मग निळा. निळ्याच्या खाली पिवळं दिसलं. मी सुरीनं हळूहळू खरवडलं.

तारीख तपासणीच्या पाच वर्षं आधीची होती.

मी रंगाऱ्याकडे बघितलं. "तुम्ही चुकून जुनी तारीख घातली असेल."

"वहिनी, हा पाय बसवला त्या दिवशी मला नातू झाला. ती तारीख मी चुकणार नाही."

"मग तपासणीत पाय उतरवलाच नाही?"

"मधलीचा? छे. तिच्या पायांना कोणी हात लावला नाही."

"मग चारशे सतरा आला कुठून? पायाला बांधलेल्या ओळखपट्टीवर स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलंय. 'थोरली, डावा पाय.' मधलीच थोरली झाली होती ना तेव्हा."

तो म्हणाला, "कोण म्हणतं झाली होती? थोरली तेव्हा मागच्या कुंपणाशी उभी होती की. आम्ही तिला कापत होतो. पाय तिचाच काढला, मिस्त्रींनी स्वतः काढला."

"तिचं नाव वहीतून एक तारखेलाच कमी झालं होतं," मी म्हणाले.

"वही तुमची. आमच्याकडे शेवटचा ट्रक फाटकाबाहेर पडल्याशिवाय तिचं थोरलीपण जात नसे. ट्रक गेला बारा तारखेला."

अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत हँगरमध्ये थोरली एक होती आणि माझ्या टेबलावर दुसरी. आम्ही तीसेक पावलांवर बसत होतो, रोज डबा एकत्र खात होतो, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ह्यांनी पट्टीवर फक्त 'थोरली' लिहिलं, कारण तिचं सगळंच सरळ भंगारात जायचं होतं. टेकण्यांचा हिशेब करायचं काम माझं. मी साठ हजारातून एकतीस हजार वजा केले आणि 'वापरण्यास योग्य' लिहिलं. थोरलीच्या पायाची खरी टेकणी होती एकोणसाठ हजार चारशे. वहीत मिस्त्रीनं स्वतः लिहायचं असा नियम होता, पण लिहायची मीच. शनिवारी हे येऊन सगळ्या पानांवर शिक्के मारून जायचे.

मैदानाबाहेर येईपर्यंत मागे ज्वाळा उठल्या. बसमध्ये रंगाऱ्यानं मला खिडकीची जागा दिली.

घरी आले तेव्हा हे सासूबाईंची नखं कापत होते. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "तुम्हाला माहीत होतं."

ह्यांनी उरलेली दोन बोटं पुरी केली, मग बाहेर आले. "पहिल्याच दिवशी. त्यांनी पानाची झेरॉक्स पुढे ठेवली तेव्हा."

"मग मला चार महिने का हिंडवलंत?"

"मधली सापडेल असं वाटलं नव्हतं." मग म्हणाले, "आणि तू शोधत होतीस तोवर तुला झोप लागत होती."

मी भिंतीला टेकले. ह्यांना मारावंसं वाटलं, आणि ह्यांच्या पाया पडावंसं वाटलं. "मी सांगणार आहे."

"सांगून काय होईल? मी नुसतं थोरली लिहिलं, क्रमांक लिहिला नाही. न वाचता शिक्का मारला, तुझं पान होतं म्हणून. मी सुटत नाही, अगं. तू सांगितलंस तर दोघं जाऊ. आईकडे कोण बघणार?"

आतून सासूबाईंनी विचारलं, कोण आलंय म्हणून. हे म्हणाले, "कोणी नाही, आई. आपलंच माणूस."

सोमवारच्या सुनावणीपर्यंत आम्ही नीट भांडलोसुद्धा नाही. मी सासूबाईंचे कपडे घडी घालून एका पिशवीत भरले आणि नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "किती दिवस?" मी म्हणाले, "माहीत नाही."

सुनावणीची खोली लहान होती. पुढच्या रांगेत मेलेल्या वैमानिकांचे घरचे बसले होते. धाकट्या वैमानिकाची आई माझ्याच वयाची, मांडीवर पर्स घट्ट धरून. अधिकाऱ्यानं वही उघडली, पान ह्यांच्यापुढे सरकवलं. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं," हे म्हणाले.

मी उठून उभी राहिले. "ते खोटं सांगताहेत. माझं आहे." आणि मग मी सगळं सांगितलं, थोरली कोणाला म्हणायचे, अकरा दिवस, मैदानातली मधली, पिवळी तारीख. मध्ये कोणी मला अडवलं नाही. ह्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

अधिकाऱ्यानं कोरा कागद दिला. "हीच ओळ लिहून दाखवा."

मी लिहिलं. नंबर, क्रमांक, टेकणी, वापरण्यास योग्य, सगळं एका रेषेत, जसं बावीस वर्षं लिहिलं तसंच. कागद समितीतल्या तिघांच्या हातांतून फिरला. मग त्या आईनं हात पुढे केला. देऊ की नको असं अधिकाऱ्याला झालं, पण त्यानं दिला.

तिनं तो बराच वेळ वाचला. ओळ एकच होती. मग ती जागेवरून उठली, माझ्यापर्यंत आली आणि कागद माझ्या हातात दिला.

"अक्षर किती छान आहे हो तुमचं," ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. मी कागद धरून उभी राहिले, आणि तो कुठे ठेवावा ते मला कळेना.