वाढत्या मापाचे बूट

थीम पार्कमध्ये साध्या टोपीलाही तिप्पट पैसे पडतात, म्हणून आईने सहलीच्या सहा महिने आधीच लेकीची बॅग भरायला घेतली. सेलमधला रेनकोट, टोपी, बिस्किटांचे पुडे. "मेल्यांना माझ्याकडून दमडी मिळायची नाही!" बूट मात्र तिने वाढत्या मापाचे घेतले; सहलीपर्यंत पोरीचा पाय वाढेलच की.

सहलीआधीच पोर आजारी पडली आणि बॅग दवाखान्यात गेली. बिस्किटं रात्रीच्या जागरणात संपली. टोपी केस गळालेल्या डोक्यावर चढली.

पोर गेली त्या सकाळी नर्सने हळूच विचारलं, "ताई, तिला घालायला काही आणलंय?"

आईने नवे बूट काढले. ते पायांतून निसटत होते. तिने पुढे कापूस कोंबला, नाड्या करकचून आवळल्या.

"राहू द्या ना, ताई," नर्स म्हणाली.

आई खेकसली, "चालताना निघतील!"