सात बायकांचा कोरस

आमच्या भूषणच्या बँडची पहिली कॅसेट मी पुसली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी तोंडं वाकडी करायला नकोत.

बँड म्हणजे लग्नातला नव्हे. मेटल! गिटारचा गडगडाट, ड्रम असा की खिडक्या हादराव्यात, आणि मागे व्हायोलिनं आणि शंभर माणसांचा कोरस. बुद्धभूषण त्यात कीबोर्ड वाजवायचा. आता खडकीच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये कोरसला शंभर माणसं आणायची कुठून? नव्व्याण्णव साली त्याच्या आईने, ललिताने, विहारात गाणी म्हणणाऱ्या सहा बायका गोळा केल्या. सातवी ती स्वतः.

"शब्द नाहीत आई, नुसतं 'आ' करायचं," भूषण म्हणाला.

"एवढंच ना? मग भाजी टाकून येते."

कॅसेटच्या पन्नास प्रती निघाल्या, गाणी एकाच बाजूला. ललिताचा दम सगळ्यांत मोठा. बाकीच्या थांबल्या तरी हिचा 'आ' चालूच.

पुढच्या वर्षी भूषणने कॉम्प्युटर कंपनीत चालून आलेली नोकरी नाकारली. त्याच्या वर्गातली पोरं अमेरिकेला निघालेली, आणि हा केस वाढवून बसलेला! माझं डोकंच फिरलं. चौदा एप्रिलला विहारात माझं भाषण होतं. ते टेप करायला मी मुद्दाम त्याचीच कॅसेट उचलली. चुकून पुसली जाऊ नये म्हणून कॅसेटला वर भोकं पाडलेली असतात, ती चिकटपट्टीने बुजवली आणि बटण दाबलं.

"अहो, कोरी होती की घरात," ललिता एवढंच म्हणाली.

दोन वर्षांनी भूषण झक मारत हिंजवडीला नोकरीला लागला. बँड शनिवार-रविवारवर आला. दुसरा अल्बम दोन हजार पाच साली, सीडीवर. रेकॉर्डिंगच्या दिवशी ललिता चांगली साडी नेसून तयार.

"आई, आता कोरस कीबोर्डमध्येच असतो गं. कुणाला त्रास द्यायला नको."

"बरं झालं बाई, माझा घसाही धरलाय," म्हणाली आणि साडी बदलायला आत गेली. घसाबिसा काही धरला नव्हता.

मी त्याला ते कधी विसरू दिलं नाही. प्रत्येक भांडणात तेच, 'आईला काढून टाकलंस गाण्यातून.' मी कॅसेट पुसली ते मात्र गुपचूप.

ललिता गेली त्याला आता वर्ष झालं. बँडचा तिसरा अल्बम नुसता इंटरनेटवर निघायचा होता. भूषण घरी आला.

"बाबा, पहिली कॅसेट तुमच्याकडे आहे ना? आईचा आवाज हवाय."

स्टुडिओ कधीच बंद पडला होता. बाकीच्या प्रती शोधून तो दमला होता. फोटो ढीगभर आहेत घरात, पण तिचा आवाज दुसरा कुठेच नाही. मी सांगून टाकलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने टेपरेकॉर्डर पुढे ओढला.

"तरी लावा," म्हणाला.

लावली. समाज, शिक्षण, प्रगती, आणि मी, मी, मी. पंचवीस मिनिटं बापलेक माझं भाषण ऐकत बसलो. मग टाळ्या. मग खट्.

आणि ललिता! शेवटच्या गाण्याचा शेवट तेवढा पुसायचा राहिला होता. बाकीच्या थांबलेल्या, हिचा 'आ' चालूच. तो संपला, बायका हसल्या. मग तिचा आवाज आला, "भूषण, बरोबर आलं का रे? नाहीतर परत गाते."

आणि बावीस वर्षांचा भूषण, घाईत, "आता नको आई. पुढच्या कॅसेटला."

भूषणने ओंजळीत तोंड खुपसलं. एरवी मी बोलायची संधी सोडत नाही. त्या दिवशी मलाच रडू आवरेना.

नव्या अल्बमच्या शेवटी तेवढा तुकडा आहे. माझं भाषण कापलं, उत्तम केलं. स्वतःचं वाक्य कापणं त्याला सहज जमलं असतं, पण त्याने ते ठेवलं.

कुठल्या कुठल्या देशांतली पोरं ऐकतात म्हणे. भाषा कळत नाही, म्हणून त्याला विचारतात, ती बाई शेवटी काय म्हणते?

भूषण प्रत्येकाला उत्तर लिहितो, 'माझी आई आहे. परत गाऊ का, असं विचारतेय.'